घसारा

चकाकतं ते सगळं सोनं नसतं, असं म्हणतात. नसेलही, पण ते कुणीतरी घासलेलं मात्र नक्की असतं. घासणं हा आपल्याकडचा सर्वांत जुना गृहोद्योग आहे. पितळेचा तांब्या चिंचेनं घासावा, तवा राखेनं घासावा, टाच वजरीनं घासावी, दात मिश्रीनं घासावेत, आणि एवढं करूनही सवड उरलीच तर एखाद्या कचेरीचे उंबरठे झिजवावेत. आपली निम्मी संस्कृती घासण्यानं लखलखीत झाली आणि उरलेली निम्मी झिजून गेली.

घासण्याचं शास्त्र मात्र मी वाणिज्य शाखेत शिकलो. नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं, आणि पुढं काही वर्षांनी त्या विद्यापीठानं मला बी. कॉम. करून बँकेच्या काउंटरमागे बसण्याच्या लायकीचं केलं. त्या तीन वर्षांतले बाकीचे शब्द मी परीक्षेच्या हॉलमध्येच सोडून आलो. एकच बरोबर आला, तो म्हणजे घसारा. वस्तू वापरली की झिजते, झिजली की किंमत उतरते, आणि उतरलेली किंमत वहीत लिहावी लागते. या घसाऱ्याच्या दोन पद्धती. सरळ रेषेच्या पद्धतीत दरवर्षी सारखीच रक्कम कापायची. एक दिवस वस्तू शून्यावर येते आणि हिशेब मिटतो. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्के लावायचे. तिथं गंमत अशी, की किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. काहीतरी उरतंच. कॉलेजात मला हे गणित वाटलं होतं.

मोटारगाडीच्या बाबतीत घसाऱ्याचा वेग डोळ्यांत पाणी आणणारा आहे. विमावाल्यांच्या तक्त्यात नवी कोरी गाडी सहा महिन्यांत पाच टक्के उतरते, वर्ष भरेपर्यंत पंधरा, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. पाच वर्षांनंतर तर तक्ताच हात टेकतो. पुढची किंमत तुम्ही आणि कंपनीनं बसून ठरवायची. आमची गाडी २०१४ सालची, म्हणजे तक्त्याच्या कधीच पलीकडे गेलेली. शिवाय ती काळी. काळा रंग घेऊ नका, असं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं. पण शोरूममध्ये तीच लगेच मिळत होती आणि बँकेचं कर्ज मंजूर होऊन पडलं होतं.

गाडी विकायचं ठरलं ते लातूरमुळे. ज्या गावाच्या नावानं अभ्यासाचा एक ‘पॅटर्न’च ओळखला जातो, त्या गावी आमची लेक डॉक्टर होण्यासाठी राहते आहे. यंदा ती ‘रिपीटर’ आहे. हा शब्द मी पूर्वी घड्याळाच्या गजराच्या संदर्भात ऐकला होता. रिपीटर म्हणजे क्लासची फी पुन्हा, ट्यूशन एरियातली खोली पुन्हा, मेसचा डबा पुन्हा. सगळी बेरीज दोन लाखांवर गेली. त्या रात्री जेवणं झाल्यावर हिनं काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

आता मी बँकेतला माणूस. सोनेतारणाचा काउंटर माझ्या शेजारीच आहे. पाटल्या तिथं कशा येतात आणि त्या देताना बाईचा चेहरा कुठल्या दिशेला वळतो, हे मी रोज पाहतो. वजन करणारा माणूस काट्याकडे बघतो, बाई भिंतीवरच्या व्याजदराच्या तक्त्याकडे बघते. मी म्हटलं, “पाटल्या घाल. गाडी काढू.”

जुन्या गाड्यांचा एक व्यापारी बघायला आला. त्यानं इंजिन ऐकलं, टायर दाबले, आणि मग बॉनेटकडे तिरकी मान करून असा बघत राहिला, की जणू त्यात त्याला माझं भविष्य दिसतंय. “साहेब, गाडी ए-वन हाय. पर पॉलिश मेलेली हाय. दोन लाखाची गाडी, एक ऐंशी देतो.”

वीस हजार रुपये! आणि कशाचे, तर चिरांचे. पोचे नव्हते, गंज नव्हता. नुसत्या केसासारख्या बारीक चिरा. यंत्रानं पॉलिश करून देणाऱ्यानं नऊ हजार सांगितले. तेव्हा मी हातानं घासायचं ठरवलं. बँकेत हाताला काम राहिलेलंच नाही. नोटासुद्धा आता यंत्र मोजतं. दोन्ही हात रिकामे होते.

आता या कामाचं शास्त्र सांगतो. गाडीच्या पत्र्यावर आधी गंज न धरणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर एक पारदर्शक थर, त्याला ‘क्लिअर कोट’ म्हणतात. आपण गाडीला हात लावतो तेव्हा रंगाला लावतच नाही, या काचेसारख्या थराला लावतो. तो असतो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या एका केसाहूनही बहुधा बारीक. (माझ्या डोक्याच्या बाबतीत हे माप घ्यायला आता जागा शोधावी लागते.) बारीक चिरा या थरातच असतात. जुन्या काळच्या ॲम्बॅसिडर आणि फियाटवर असा वेगळा थर नसायचा. त्या घासल्या की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. तेव्हाचे ड्रायव्हर गाडी पुसत तेव्हा थोडी थोडी गाडी घरी घेऊन जात असणार.

चीर गेली की नाही, जाईल की नाही, हे ठरवायला कुठलंही उपकरण लागत नाही. आडवं नख फिरवायचं. नख अडकलं तर चीर खोल. तिच्या नादी लागू नये, ते पेंटरचं काम. नख सरळ घसरलं तर ती हातानं जाते. आणि जाते म्हणजे काय होतं, हे ऐकून मी थक्क झालो. माझी समजूत अशी, की चीर म्हणजे खड्डा, आणि पॉलिश म्हणजे खड्डा बुजवण्याचा माल. तसं नाही. खड्डा बुजत नसतो. आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग घासून घासून खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, की खड्डा राहतच नाही! ही युक्ती आपल्याकडे रस्त्यांच्या बाबतीत अजून कुणाला कशी सुचली नाही, याचंच नवल. एक मात्र आहे. हा थर म्हणजे व्याज नसलेली मुदत ठेव. दर घासण्याला थोडी रक्कम निघते, परत कधीच भरता येत नाही. फार काढली तर ऊन थेट रंगावर येतं आणि पापुद्रे सुटायला लागतात. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हाला तेवढीच संधी हवी असते.

मी सुट्टीच्या सकाळी गाडी लिंबाच्या सावलीत उभी केली. पत्रा थंडच हवा. तापलेल्या पत्र्यावर औषध लावल्या लावल्या वाळतं. शेजारचे निवृत्त तलाठी काका तांब्या घेऊन बाहेर आले, आणि तिथंच थांबले.

“साहेब, काय करायलाव?”

“चिरा काढायलोय, काका.”

“टूथपेस्ट लावा की! आमच्या पुतण्यानं लावली होती स्कूटरला.”

“मग?”

“मग काय, आठ दिवस स्कूटरच्या तोंडाचा लई चांगला वास येत होता.”

टूथपेस्टमध्ये बारीक घासक पूड असते, त्यामुळे अगदी वरवरची चीर तिनं थोडी फिकी होते, हे खरं आहे. पण ती दातांसाठी दळलेली असते आणि कुठली किती भरड, ते नळीवर लिहिलेलं नसतं. दुसरा सल्ला आला मेव्हण्याचा, फोनवरून: “दाजी, खोबरेल तेल चोपडा, एक नंबर दिसते.” दिसते खरी. तेल चिरेत भरतं आणि चीर लपते. एका धुण्यात तेल जातं आणि चीर परत येते. मधल्या काळात गावातली धूळ मुक्कामाला येते ती वेगळीच. मेव्हण्यानं स्वतःच्या दोन गाड्या याच पद्धतीनं विकल्या आहेत, म्हणून तो त्या दोन गावांना आता जात नाही.

पहिलं काम धुण्याचं, आणि तेही दोन बादल्यांनी. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं गाडीवरून फिरवलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, म्हणजे माती तिथं राहते, आणि मगच शाम्पूत बुडवायचं. एकाच बादलीत सगळं केलं, तर आपण गाडीला तिचीच माती परत परत लावत राहतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळू असते. खनिजांच्या कठीणपणाची मोहसची एक ते दहा अशी जी फूटपट्टी आहे, तिच्यावर वाळूतल्या क्वार्ट्झचा नंबर सात, काचेचा साडेपाचच्या आसपास, आणि आपला क्लिअर कोट त्यांच्यापुढे बिचारा लोण्यासारखा. म्हणून कोरड्या फडक्यानं गाडी पुसणं म्हणजे तिला पॉलिश पेपर लावणं.

इथं मला बॉनेटवरचं ते जाळं कुठून आलं, ते वाचता आलं. उन्हात बघितलं, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्यानं विणल्यासारखी गोल गोल वर्तुळं दिसतात. खरं तर चिरा सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल भासतात. ती वर्तुळं २०१६ सालची. तेव्हा माझी बदली लातूरला होती. मांजरा धरण आटलं होतं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. रेल्वेतून पाहुणे उतरतात तसं पाणी उतरलेलं त्या गावानं पाहिलंय. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरच्या नंबरावरून बोलणी बंद झालेली घरं होती. तिथं गाडीवर बादली ओतणाऱ्याला लोकांनी घरी जाऊ दिलं नसतं. सगळं लातूर गाड्या कोरड्याच पुशीत होतं. तेव्हा ती वर्तुळं चिरा नव्हेतच. दुष्काळाची नोंद आहे ती. व्यापाऱ्यानं तिचे पैसे कापले.

धुतल्यानंतर पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून पत्र्यावरून हात फिरवायचा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागतो. ही चिकटलेली कचकच काढायला एक मातीचा गोळा मिळतो. पाणी मारत तो हलक्या हातानं फिरवायचा, मळला की मळून नवी बाजू वर काढायची, आणि जमिनीवर पडला की मोह न ठेवता टाकून द्यायचा. मी तो गोळा मळत बसलेला पाहून ही म्हणाली, “पोळ्याला अजून अवकाश आहे. बैल आत्तापासून?”

मग काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर कागदी चिकटपट्टी लावली, कारण तिथं औषध गेलं की वाळून पांढरं होतं आणि गाडीला अवेळी मिशा पिकतात. स्पंजच्या चकतीवर हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब घ्यायचे. दीड फुटाचा चौकोन धरायचा, त्याहून मोठा नाही. आधी उभं घासायचं, मग आडवं, मग पुन्हा उभं. औषध पातळ होऊन पारदर्शक दिसेपर्यंत. मग मऊ फडक्यानं पुसायचं, वेगळ्या कोनातून बघायचं, आणि पुन्हा. पत्र्याच्या कडा आणि घड्या जपायच्या. तिथं थर आधीच पातळ असतो. आधी सगळ्यांत सौम्य औषध, त्यानं भागलं नाही तरच भरड. हा नियम मला फार आवडला. आमच्या वसुली विभागात हाच आहे.

एक चौकोन व्हायला दहा-बारा मिनिटं लागली. मग मी गाडीचे चौकोन मोजले. मग मोजणं सोडून दिलं.

तीन रविवार घासत होतो. दुसऱ्या रविवारी उजवा खांदा संपावर गेला, तेव्हा डाव्याला बदलीवर बोलावलं. यंत्र हे काम दोन तासांत करतं, पण ते तापतं, आणि जरा चुकलं की थर जाळतं. हाताची ताकदच इतकी कमी, की त्याला नुकसानसुद्धा सावकाश करावं लागतं. ही दारात उभी राहून बघत होती. “लग्नाला वीस वर्षं झाली,” ती काकूंना म्हणाली, “यांचा हात इतका चालतो, हे मला आज कळलं. घरात पितळेचा पिंपही आहे.” बॉनेट मात्र असं झालं, की काका दाढीच्या वेळेला बाहेर यायला लागले.

शेवटी राहिल्या दारांच्या मुठी. मुठीच्या मागे पत्र्यात एक वाटी असते, बोटं जायला. तिथं यंत्र जातच नाही. ती जागा देवानं हातासाठीच ठेवली आहे. सगळ्या गाड्यांच्या त्या वाटीत नखांच्या आणि अंगठ्यांच्या बारीक चिरा असतात, आणि त्या अगदी वरवरच्या असल्यानं पाच मिनिटांत जातात. तीन दारांच्या गेल्या. चौथं दार मागचं, डावीकडचं. ते माझ्या वडिलांचं.

वडील लोह्याकडचे शेतकरी. शेवटची काही वर्षं काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळपास गेले होते. दर महिन्याला त्यांना दवाखान्यात न्यायचं. गाडीत मागं डावीकडे बसायचे, आणि दार दुसऱ्या कुणी उघडलेलं चालायचं नाही. “मी काय लाटसाहेब हाय, दार उघडून द्यायला?” मग त्यांची बोटं पत्र्यावर मूठ शोधत फिरायची. वर, खाली, पुन्हा वर. बोटात तांब्याची अंगठी. मी शेजारी उभा राहून घड्याळाकडे बघत नसल्याचं दाखवायचो. मूठ सापडली की ‘हं’ म्हणायचे, जणू शेताचा बांध सापडला.

त्या वाटीत आणि तिच्या वरच्या अंगाला चिरांची दाटी होती. चाचपडल्याची रांगोळीच. नख फिरवलं, अडकलं नाही. म्हणजे सगळ्या जाणाऱ्या.

बँकेत एक जुनी पद्धत आहे. टेबल-खुर्च्या घसरा लावून लावून पुऱ्या झिजल्या, तरी त्यांचं नाव नोंदवहीतून काढत नाहीत. एक रुपया किंमत ठेवतात. खुर्ची एक रुपया, कपाट एक रुपया. त्या रुपयाला व्यवहारात काही अर्थ नसतो. वस्तू होती आणि आहे, एवढंच तो सांगतो. मी वरच्या अंगाच्या चिरा घासून काढल्या, कारण वीस हजारांचा प्रश्न होता आणि लेकीची फी वडिलांनीही माफ केली नसती. वाटीच्या आत चकती नेली नाही. मेण मात्र लावलं, इतर तिन्हींसारखंच.

गिऱ्हाईक अहमदपूरचं मिळालं, नांदेड-लातूर रस्त्यावर मधोमध. शाळेत शिक्षक. रविवारी सहकुटुंब आले. बरोबर त्यांची म्हातारी आई. गुरुजी फार हुशार. मोबाइलची बॅटरी लावून पत्रा तपासत फिरले. उन्हात न दिसणारी चीरही अशा झोतात दिसते. मी हिशेब मनात धरून उभा होतो. औषधं, मेण, माती आणि फडकी मिळून १,८६५ रुपये. तीन रविवार आणि दोन खांदे बिनपगारी. गुरुजी चौथ्या दाराशी वाकले.

“हे काय हो?”

“नखांचं आहे.”

“इथंच का राहिलं?”

“ते राहू दिलंय. त्याचे किती कमी करताय ते सांगा.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग बॅटरी बंद केली. “त्याचे काय कमी करायचे? आमची म्हातारी महिन्यात तेवढ्याच करील.”

एक लाख पंच्याण्णव हजाराला सौदा झाला. वरचे पाच हिनं भिशीतून घातले, आणि पाटल्या हातातच राहिल्या. कागदांवर सह्या झाल्या, चहा झाला. जायची वेळ झाली तेव्हा म्हातारी गाडीच्या मागच्या, डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. मी दार उघडायला पुढं झालो.

“राहू दे रे बाबा,” ती म्हणाली, “मला येतंय.”

तिची बोटं मूठ शोधायला लागली. हातातल्या बांगड्या पत्र्यावर किणकिणल्या. नव्या मालकाच्या वहीत घसारा सुरू झाला होता.